कार्बनच्या दांडीची परीक्षा

वारूळवाडीच्या हनुमंताला जगात दोन गोष्टींचा तिटकारा होता. एक पाणी घातलेलं दूध आणि दुसरी हलकी सायकल. उभी हयात त्यानं लोखंडी सायकलीला किटल्या लटकावून नारायणगावात दुधाचा रतीब घालण्यात घालवली. लग्न झाल्यावर अंजनाला निरगुडसरहून घरी आणलं तेही त्याच सायकलीच्या दांडीवर बसवून. वऱ्हाड टेम्पोत आणि नवरी दांडीवर. त्यामुळं चांगली सायकल कशाला म्हणायचं ते हनुमंतानं ठरवायचं, बाकीच्यांनी मान हलवायची, असा एकूण कारभार.

आणि अशा माणसाच्या घरात त्याच्याच पोरीनं चीनहून कार्बनची फ्रेम मागवली. घ्या आता.

वैष्णवी कॉलेजात होती आणि सायकलीच्या शर्यतीत उतरत होती. द्राक्षांच्या हंगामात पॅकहाऊसमध्ये पायांचे तुकडे पडेस्तोवर उभी राहून तिनं पैसे साठवले होते. नावाजलेल्या कंपनीची फ्रेम घ्यायची तर घर विकावं लागलं असतं, म्हणून तिनं मोबाईलवर शोधून शोधून एक स्वस्तातली काढली. काळी, बिननावाची. आपल्या जुन्या सायकलीची चाकं, ब्रेक, चेन असं सगळं उतरवून ती या फ्रेमला बसवणार होती आणि जुना सांगाडा भंगारात घालणार होती. बापाला विचारलं नाही. बापाची सायकल तर मागितलीच नाही, आणि खरं सांगायचं तर हनुमंताच्या पोटात दुखत होतं ते तिथंच.

"फ्रेम हाय का पतंगाची कामटी?" खोकं उघडल्या उघडल्या त्यानं सुरुवात केली. "त्या पैशात म्हातारी म्हैस येत न्हाई. हिला म्हनं परदेशी सायकल आली. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा."

एवढ्यावर थांबला असता तर तो हनुमंत कसला. पार्सल यायच्या आधी म्हणाला होता, खोक्यातनं विटा निघतील. फ्रेम निघाली. मग म्हणाला, चाकं बसायची नाहीत. बसली. मग म्हणाला, रंग पोपडे धरील, पुलावरच्या पहिल्या खड्ड्यात मोडून पडंल. ती रोज आळेफाट्यापर्यंत जाऊन येत होती आणि फ्रेमला ओरखडा नव्हता. जो भेटेल त्याला हनुमंत सांगत होता, की आमच्या पोरीनं प्लास्टिक आणलंय, बघायला या. अंजना एकदा म्हणाली, "आवो, उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरीची उमेद तरी बघा." पण बायकोचं ऐकायची त्या घरात पद्धत नव्हती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, वैष्णवी सायकल पुसून आत हात धुवायला गेली. सकाळी आळेफाट्यावरून शर्यत सुटायची होती. जाताना घाट चढायचा, येताना तोच उतरायचा. पुढं येतील त्या पोरी जिल्ह्याच्या संघात. वर्षभर तिनं दुसरा विचार केला नव्हता.

तेवढ्यात शेजारचा सावळेराम आला. त्यानं सायकल एका हातानं उचलली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "हनुमंतराव, चीज हाय राव ही."

"चीज?" हनुमंत ओट्यावरून उठला. "सायकलीची पारख दांडीवर बसून करायची. धर हँडल. माझं वजन पेललं तर मी मिशी उतरवतो."

सावळेरामानं हसत हँडल धरलं. हनुमंत आपला नव्वद किलोचा ऐवज घेऊन दांडीवर आडवा बसला. बसला तो बसला, वर दोनदा उसळी मारली.

"पेललं की," सावळेराम म्हणाला. "वस्तरा आनू का?"

पण हनुमंताच्या मांडीखाली काहीतरी बारीक कटकन झालं होतं. कानाला कमी, हाडाला जास्त कळलं. तो खाली उतरला आणि दांडीवरून हात फिरवला. वर काहीच नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं घाटाचा उतार आला.

वैष्णवी हात पुसत बाहेर आली. "वैशे," तो म्हणाला, "उद्या ही घेऊन जाऊ नको. दांडी गेली. मी बसलो व्हतो."

तिनं वाकून पाहिलं. बोट फिरवलं, फडक्यानं पुन्हा पुसलं. "कुठं गेली? दाखवा."

"आतून गेली. कट आवाज झाला."

"सावळेकाका, तुमी ऐकला?"

"न्हाई बा."

"आबा, खोक्यात विटा तुमीच पाहिल्या व्हत्या," वैष्णवी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "पुलावर मोडली ती बी तुमीच पाहिली. आज आवाज ऐकला. उद्या आनखी काय ऐकाल."

"पोरी, आईची आन. खरं सांगतो."

"आईला कशाला मधी आनता." तिनं सायकल भिंतीला टेकवली आणि पाण्याची बाटली भरायला वळली.

आता काय करायचं माणसानं? महिनाभर खोटं खोटं म्हणून बोंबलल्यावर खऱ्याला तोंड राहत नाही. शिकलेला असता तर हनुमंतानं आणखी कुणाला दाखवलं असतं, थोडं थांबला असता. पण त्याला फक्त उतारावरून सुटलेली पोर दिसत होती. त्यानं सायकल ओढली, ओट्याच्या कडेला आडवी घातली आणि दांडीवर लाथ घातली. मोडली नाही. दुसरी घातली. तरी नाही. वैष्णवी बाटली टाकून धावली तोवर तिसरी बसली आणि दांडीचे दोन तुकडे झाले.

हनुमंत गुडघ्यावर बसून तुकडे चाचपू लागला. आधीची चीर कुठं दिसती का ते त्याला हवं होतं. सगळीकडं सारखीच काळी कुसळं निघाली होती. पहिली चीर कुठली आणि लाथेची कुठली, काही कळेना. चीर होती तरी का, हेसुद्धा आता त्याला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

"चांगली व्हती की राव," सावळेराम हळूच म्हणाला. "दोन लाथा खाल्ल्या तिनं."

हनुमंतानं वर पाहिलं. दारात अंजना उभी होती, आणि ती नवऱ्याकडं अशी बघत होती की त्याला मान खाली घालावी लागली. वैष्णवीनं पान्हा आणला, मोडक्या फ्रेमची चाकं सोडवली, भिंतीशी नीट लावून ठेवली आणि त्याच्या अंगावरून घरात गेली.

"आये," आतून तिचा आवाज आला, "सकाळचा डबा करू नको."