सात बागी आणि मल्हारीची घोडी

"आवो, मेंढरं कोंडून किती येळ ठिवणार? ऊन चढलं की चरत्यात का ती?" साळूबाई वाडग्यापासून ओरडली.

"आज शेवटचा हाय. तेरावा. मंग नाय जाणार," पटका गुंडाळत मल्हारी म्हणाला.

"दर रविवारी ह्येच ऐकतीया. मेलेली घोडी बघाया कुणी जातं व्हय?"

मल्हारीनं वहाणा पायात सरकवल्या आणि तो खाली मान घालून वाटेला लागला.

वर्षापूर्वी, ऐन पौषात, चांदवडच्या डोंगरात शूटिंगवाले उतरले होते. जुन्या काळच्या सात बागींची गोष्ट ते टीव्हीसाठी करत होते. ठाकुराची कोठारं फोडून गोरगरिबांना दाणा वाटणारे बागी. त्यांच्या म्होरक्याला एक रुबाबदार घोडी हवी होती. आणि मल्हारीची कवडी होतीच तशी. काळीभोर, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, मागचा डावा पाय पांढरा. नऊ वर्षं तिनं बिऱ्हाड पाठीवर वाहिलं होतं. चालून थकलेली कोकरं तिच्याच पाठीवरच्या झोळीत झोपायची.

पंधरा दिवसांच्या बोलीनं त्यानं घोडी दिली. बाराव्या दिवशी जीप आली. काळा चष्मा लावलेला एक माणूस उतरला आणि म्हणाला, "घोडी पोटदुखीनं गेली, बाबा. काय खायला घालून पाठवली होतीस?"

मल्हारीला ती सकाळ आठवली. पाठवायच्या दिवशी सकाळी, आता पंधरा दिवस दिसायची नाही म्हणून, त्यानं तिला पोटभर लसूणघास चारला होता. ओला, दवातला, जनावराचं पोट फुगवणारा. त्या माणसानं हातावर काय ठेवलं तेही त्यानं पाहिलं नाही, आणि कुठं पुरली हे विचारायचं राहूनच गेलं.

साळूबाईनं चार दिवस अन्न घेतलं नाही. मग जे तोंड सोडलं ते सोडलंच. "दवाचा घास चारला! धनगराच्या पोटी जल्माला आला अन् येवढं कळंना?" कढीत मीठ जास्त झालं तरी बोलणं फिरून घासावरच यायचं. मल्हारी ऐकून घ्यायचा. खरंच होतं ना ते.

मग भिकनच्या घरी टीव्ही आला. भिकन ओझरच्या कारखान्यात कामाला होता. 'सात बागी' सुरू झाली तसं दर रविवारी सकाळी निम्मं गाव त्याच्या ओटीवर गोळा व्हायचं. चौथ्या रविवारी धुळीतून कवडी दौडत आली आणि सगळी ओटी ओरडली, "मल्हारीची घोडी!" त्या दिवसापासून मल्हारीची जागा पुढं, अगदी काचेजवळ. अर्धा तास ती जिती असायची. ठाकुराच्या माणसांना चकवायची, नाला उडी मारून ओलांडायची. हिंदी त्याला निम्मी कळायची नाही. त्याला कुठं हिंदी ऐकायची होती?

आज ओटीवर मुंगीला जागा नव्हती. भिकनची बायको गोजराबाई तांदूळ निवडायचे सोडून बसली होती. ठाकूर मरणार, ह्याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

पाठलाग सुरू झाला. कवडी भरधाव उतारावरून येत होती, मान ताणलेली, शेपूट वाऱ्यावर. आणि एकाएकी तिचे पुढचे दोन्ही पाय एकदम मागं ओढले गेले. ती डोक्यावर आदळली. मान अंगाखाली दुमडली. मागचा पांढरा पाय दोनदा हवेत झटकला.

लगेच चित्र बदललं. म्होरक्या कपडे झटकत उठला. समोर ठाकूर. ठाकुराला त्याच्या गळ्यातला ताईत दिसला आणि तो रडायलाच लागला. ठाकूर बागीचा बाप निघाला! बागीनं बंदूक टाकली, बापाच्या गळ्यात पडला, आणि नावं वर सरकायला लागली.

"बाप?" गोजराबाई किंचाळली. "ह्यो मुडदा बाप कसा निघाला?"

"बारा रविवार मारामाऱ्या, अन् तेराव्याला गळ्यात गळे!" म्हातारा नाथा काठी आपटत म्हणाला. "गरिबांच्या दाण्याचं काय झालं मंग?"

एकच कालवा उठला. त्या कालव्यात मल्हारी म्हणत होता, "पायाला तार लावली व्हती. ठेच लागली तर एक पाय जातो. दोन्ही पाय एकदम नाय जात. तार लावून पाडली तिला." शेजारच्यालासुद्धा ते ऐकू गेलं नाही.

"भिकन, परत दाखवत्याल का त्ये?" मल्हारीनं विचारलं.

"नाय, दादा. ममईहून सुटतं. आपल्या हातात काय हाय?"

गावानं ठरवलं, टीव्हीवाल्यांना पत्र टाकायचं. भिकननं पोस्टकार्ड काढलं. जो तो सांगायला लागला, शेवट बदला, ठाकुराला मारा. कार्ड भरत आलं तेव्हा मल्हारी पुढं सरकला.

"माझ्या घोडीचं लिव."

"काय लिहू, दादा?"

"लिव, ती पोटदुखीनं नाय मेली. मालकानं बघितलं."

भिकननं त्याच्याकडं पाहिलं. मग कार्ड आडवं धरून कडेला बारीक अक्षरात ती ओळ बसवली.

"आता काय करत्याल त्ये?"

"काय करणार, दादा? ते सगळं आधीच करून ठेवलेलं असतं," भिकन हळूच म्हणाला.

मल्हारी घराकडं आला तर वाडगं रिकामं. साळूबाईनंच मेंढरं सोडली होती. कापणी झालेल्या हरभऱ्याच्या रानात ती त्याला दिसली. झळा लागत होत्या, ढेकळं पायाला भाजत होती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तार, दोन्ही पाय, मान.

साळूबाई काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिली.

"म्हंजी घासानं नाय?"

"नाय."

तिनं पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "पडल्यावर… उठली का हो ती?"

"त्ये दाखवलं नाय. बागी उठला. त्येलाच दाखवलं."

मेंढरं बांध ओलांडून दुसऱ्याच्या कांद्यात शिरली. दोघंही बघत होते. हाळी कुणीच दिली नाही.