बटणाकडे पाठ करून

मी गाडी चालवायला शिकवतो. आमच्या भागात जे नीट गाडी चालवतात ते माझे विद्यार्थी, आणि जे चालवत नाहीत ते दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलचे, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक आहे, पण तो क्वचितच लागतो. माझ्या नुसत्या आवाजाने गाडी थांबते.

त्यामुळे बायको जुन्या चादरी द्यायला म्हणून प्राण्यांच्या आश्रमात गेली आणि त्यातल्याच एका चादरीत कुत्र्याचं पिल्लू गुंडाळून परत आली, तेव्हा मी अजिबात कुरकुर केली नाही. एवढंच म्हणालो, "याला शिकवायचं काम माझं. तू मध्ये पडायचं नाहीस."

पिल्लू कुठल्याशा गटाराच्या पाइपात सापडलं होतं. एक कान उभा, एक पडलेला, आणि कोटाच्या बटणासारखं काळं गोल नाक. म्हणून त्याचं नाव बटण.

आश्रमातल्या बाईंनी मला फोनवर सगळं समजावून सांगितलं. "घरात केलं तर ओरडू नका. बाहेर केलं की लगेच कौतुक करा. आणि धीर धरा." मी "हो, हो" म्हणालो. आरशात बघा म्हटलं की माझे विद्यार्थी "हो, हो" म्हणतात आणि समोरच बघत राहतात, अगदी तसं.

त्याच दिवशी बटण बैठकीच्या खोलीत गालिचाच्या मधोमध आलं, माझ्याकडे मोठ्या प्रेमाने बघत खाली बसलं आणि त्याने सुरुवात केली.

"ए!" मी ओरडलो. समोरून बस येत असताना विद्यार्थी त्याच बाजूला वळला की जो आवाज लागतो, तो.

बटण जागच्या जागी गोठलं. दोन्ही कान पडले. मी झडप घालून त्याला उचललं.

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. "एका आवाजात थांबलं."

"थांबलं कुठे? तुमच्या शर्टावर पुरं केलं की."

शर्ट धुवायला गेला, पण माझी मान ताठच राहिली. कारण त्यानंतर बटणाने माझ्यासमोर घरात एकदाही केलं नाही. मी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात सगळ्यांना हे ऐकवलं. कुत्र्याच्या शिक्षणावर दोन शब्दही बोललो. घरातून कसलासा वास येत होता, त्याचं खापर मी खालच्या मजल्यावरच्या तुंबलेल्या मोरीवर फोडलं.

मग सोफा सरकवायची वेळ आली. सोफ्यामागे जे काही होतं, त्याचं वर्णन करत नाही. पलंगाखाली तेच. पडद्यामागे तेच. माझे ऑफिसला घालायचे बूट मात्र पाय घातल्यावरच कळले.

"शिकलंय की," बायको म्हणाली. "लपून करायला शिकलंय."

मी हार मानणाऱ्यातला नव्हे. बायको औषधाच्या दुकानात काम करते आणि सकाळी लवकर निघते, त्यामुळे सकाळची पाळी माझी होती. मी बटणाला घेऊन खाली जायचो. पार्किंगच्या कडेला एक झाड आहे, त्याखाली त्याला उभं करायचो आणि परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबासारखा कमरेवर हात ठेवून समोर उभा राहायचो. "कर. कर ना. अरे, कर की!" बटण पानांकडे बघायचं, मुंग्यांकडे बघायचं, चुकूनही माझ्याकडे बघायचं नाही. लहान मुलांना करतात तसं "शूऽऽ शूऽऽ" करून पाहिलं. त्याचा परिणाम एवढाच झाला की मलाच घाईघाईने वर पळावं लागलं. माझ्यामागोमाग बटणही धावत आलं आणि थेट सोफ्यामागे गेलं.

संध्याकाळी बायको त्याला खाली न्यायची आणि मी चपला काढून ठेवीपर्यंत काम उरकून वर यायची.

"माझ्याबरोबर लगेच करतं," ती म्हणायची.

"संध्याकाळी कुणीही करेल," मी म्हणायचो. याचा अर्थ काय, ते मलाही माहीत नव्हतं.

त्या सुमारास माझ्याकडे दातांच्या एक डॉक्टर शिकायला येत होत्या. भल्याभल्यांच्या जबड्यात यंत्र घालणारी बाई, पण माझ्या शेजारी बसल्या की क्लचवरचा पाय लटपटायचा. एकदा सिग्नलला त्यांनी गाडी बंद पाडली, चालू केली आणि पुन्हा बंद पाडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"क्लच! अहो, क्लच!" मी ओरडलो.

त्यांनी कशीबशी गाडी पुढे नेली, कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळल्या.

"सर, एक सांगू? काल मी मिस्टरांना शेजारी बसवून त्यांची गाडी बाजारापर्यंत नेऊन आणली. एकदाही बंद पडली नाही."

"मग इथे काय होतं?"

"इथे तुम्ही असता."

मी माझ्या बाजूचा आरसा नीट केला.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "मी पेशंटवर वाकून टक लावून बसले, तर तोही तोंड घट्ट मिटून घेतो. मग मी उगाच हातमोजे शोधायला पाठ फिरवते. तुम्ही जरा खिडकीबाहेर बघता का?"

बाहेर एक बंद दुकान होतं. मी त्याच्या शटरकडे बघत राहिलो. गाडी केव्हा सुटली ते मला कळलंही नाही, इतकी अलगद सुटली. तिसरा गिअर पडला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बटणाला मी घरात करू नको असं शिकवलंच नव्हतं. या माणसासमोर करू नको, एवढंच शिकवलं होतं. आणि बाहेर नेऊन पुन्हा मीच त्याच्यासमोर छाती काढून उभा राहत होतो!

मला हसू फुटलं.

"आता काय चुकलं?" डॉक्टरीणबाई घाबरल्या.

"तुमचं काही नाही. माझ्या कुत्र्याला शी का होत नाही, ते कळलं."

त्यांनी पुढचा सगळा रस्ता माझ्याशी अवाक्षर न बोलता पार केला. गाडी मात्र सुरेख चालवली.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "मला वाटतं बटण मला घाबरतं."

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय."

"कधी सांगितलंस?"

"तुम्ही ओरडत होतात तेव्हा. ऐकू कसं येणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टा लांब सोडला आणि बटणाकडे पाठ केली. समोर पार्किंगची भिंत. पट्टा सुटू नये म्हणून दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलेला, मान खाली, चित्त एकाग्र. नेमके तेव्हाच तळमजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश फिरायला बाहेर पडले.

ते माझ्या मागे बऱ्याच अंतरावर थांबले आणि घसा खाकरला.

"तुमच्या घरात पाण्याची काही अडचण आहे का?"

"नाही हो."

"मग हे... इथे मुलं खेळतात. वयोमानाने होतं असं, मी समजू शकतो. पण डॉक्टरांना दाखवा. भिंत हा काही उपाय नव्हे."

मी काय करतोय असं त्यांना वाटत होतं, ते उमगताच मला दरदरून घाम फुटला. वळून खुलासा करावा, तर बटण बिचकणार. इतक्यात पट्टा सैल पडला. मागे पानं खसखसली.

"श्शू! बोलू नका," मी कुजबुजलो.

"काय?"

"झाडाखाली बघा. हळूच."

त्यांनी बघितलं. मग त्यांचाही आवाज खाली आला. "चाललंय."

"खरंच?"

"दोन्ही चाललंय."

आणि काय वाटलं कोण जाणे, इतकी वर्षं खुर्चीत बसून लोकांच्या नजरेला नजर भिडवलेला तो माणूस संकोचून वळला आणि माझ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी आम्हा दोघांना तसं पाहिलं, बादली उचलली आणि दार लावून घेतलं. त्या अजून माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत.

मी खिशातून उकडलेल्या चिकनचा तुकडा काढला, उकिडवा बसलो आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात "शहाणं गं माझं ते" म्हणालो. बटण आधी दचकलं. हा आवाज कुणाच्या घशातून येतोय, याचा त्याला पत्ता लागेना. मग तुकडा घेतला आणि दूर जाऊन खाल्ला.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. सोफ्यामागे पुन्हा झालं, स्वयंपाकघरातही झालं. प्रत्येक वेळी ओठांपर्यंत आलेला "ए" मी गिळला आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. ओरडल्यावाचून राहणं इतकं कष्टाचं असतं, हे मला या वयात कळत होतं. बाहेर मात्र मी भिंतीपासून जरा जरा वळत गेलो. आधी थोडा, मग अर्धा.

मधल्या काळात डॉक्टरीणबाई परीक्षा पास झाल्या. परीक्षक सबंध वेळ फोनमध्ये बघत होता, असं त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

आणि एका रविवारी बटण झाडाखाली गेलं, गोल फिरलं, सरळ माझ्याकडे बघितलं आणि बसलं. माझ्यासमोर! उघड्यावर! माझा आनंद गगनात मावेना.

"शाब्बास!" मी गरजलो.

बटण अर्ध्यावरच उठलं आणि न्यायाधीशांच्या गाडीखाली घुसलं.

मी तिथेच मातीत बसलो. हाक मारली नाही, पट्टा ओढला नाही, बोलावंसं वाटलेलं सगळं दातांखाली दाबून धरलं. बऱ्याच वेळाने चाकामागून ते काळं नाक बाहेर आलं, मग उभा कान, मग पडलेला. बटण हळूहळू चालत माझ्यापाशी आलं. माझा गुडघा हुंगला, हात हुंगला, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसून अर्धवट राहिलेलं काम सावकाश पुरं केलं.

या खेपेला मी तोंड उघडलं नाही. नुसतं त्याच्या पडलेल्या कानामागे खाजवलं, आणि त्याने खाजवू दिलं.