स्वखुशीने

टेबलाचा खण त्याने पायाने ढकलून बंद केला तेव्हा तिचा हात आतच होता. ती ओरडली नाही. आवाज आला तो बोटांचा, खडू मोडावा तसा बारीक.

पलीकडच्या खोलीत सासूने टीव्हीचा आवाज वाढवला.

"आता विचार पुन्हा, कशाला म्हणून," तो म्हणाला.

तिने विचारलं होतं ते एवढंच. आर्थिक वर्ष संपायला एक दिवस उरला होता. तिच्या नावावरची ठेव, वडिलांनी दिलेली आणि लॅबमधल्या पगारातून तिने वाढवत नेलेली, मुदत पुरी होऊन बँकेत पडून होती. ती स्वतःच्या खात्यावर वळवायची आणि तिथून मित्राच्या जमिनीच्या व्यवहारात घालायची, असं त्याने परस्पर ठरवलं होतं. कर वाचतो, म्हणाला. कर कसा वाचवावा हे साऱ्या गल्लीला तोच सांगायचा. वर्ष सरत आलं की लोक कागदांची पाकिटं घेऊन यायचे, तो हसतमुखाने फुकट सल्ला द्यायचा आणि असा माणूस शोधून सापडायचा नाही, म्हणत ते जिना उतरायचे. तो बोट ठेवील तिथे सही करून ती दरवर्षी मोकळी होत असे. या वर्षी पेन काढायला खणात हात घालता घालता तिने "कशाला?" असं विचारलं.

"हात दारात सापडला," दवाखान्यात त्याने डॉक्टरांना सांगितलं. त्याचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता आणि मानेपाशी येऊन थांबत होता. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. तीन बोटं मोडली होती. मनगटापर्यंत प्लास्टर चढलं.

परतताना गाडीतच त्याच्या ध्यानात आलं. त्याने गाडी कडेला घेतली.

"सही कोण करणार आता?"

तिने प्लास्टरकडे पाहिलं. त्याने उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं, जणू बोटं तिनेच मुद्दाम मोडून घेतली होती.

संध्याकाळी त्याने तिला जेवणाच्या टेबलाशी बसवून डाव्या हाताने सही गिरवायला लावली, जुन्या वर्तमानपत्रांच्या कडांवर. अक्षर हललं की तो मानेवरचे केस मुठीत धरून तिचं डोकं खाली दाबायचा, नाक कागदाला टेकेपर्यंत. नाकातून रक्त आलं तेव्हा तिने ते बाहीने पुसलं. दिवसभर लोकांचं रक्त काढणारी बाई ती, रक्ताचं तिला काही वाटत नसे. डाव्या हाताला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्याचं मात्र वाटलं.

सासू ताट घेऊन आली.

"जेवू दे तिला."

"तू तुझं बघ."

सासू ताट ठेवून आत गेली. या घरात आत जाणं तिला चांगलं जमत असे.

सकाळी तिघं बँकेत गेली. सासूच्या ठेवीचंही काम होतं, तेही दरवर्षी तोच उरकून टाकी. शेवटचा दिवस असल्याने मुंगीला शिरायला वाव नव्हता, पण त्याला बघून लोक बाजूला झाले.

"साहेब, जाता जाता एवढं बघता का?"

"बघू की," तो हसून म्हणाला.

अधिकारी बाई वयस्क होत्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी कागद उजेडात धरला.

"सही जुळत नाही."

"हात मोडलाय तिचा. दिसत नाही?"

"दिसतंय."

"मग अंगठा घ्या."

"घेते. पण मजकूर मला यांना एकट्यांना वाचून दाखवावा लागतो. आणि यांना ओळखणारे दोन साक्षीदार लागतात. तुम्ही बाहेर थांबा."

काचेच्या केबिनमध्ये बाईंनी सगळं एका सुरात वाचलं. रोजचंच काम होतं ते. वाचून झाल्यावर त्यांनी शाईची डबी पुढे सरकवली.

"स्वखुशीने देताय ना?"

काचेपलीकडे तो घड्याळ दाखवत होता. तिने डावा हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवला.

"नाही."

बाईंनी डबीचं झाकण लावलं.

"हाताला काय झालं?"

"खणात होता. त्यांनी बंद केला."

बाईंनी तो कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "ठेवीचं काय करायचं?"

"माझ्याच नावावर राहू दे. एकटीच्या. त्यासाठी अंगठा चालेल?"

"चालेल. साक्षीदार तेवढेच लागतील."

शब्द त्याला ऐकू आले नव्हते, पण बंद झालेली डबी दिसली होती. तो दार ढकलून आत आला. प्लास्टर धरून त्याने तिचा हात टेबलाच्या कडेवर आपटला, आणि मग पिळला. या वेळी ती ओरडली. बाई मध्ये पडल्या. त्याने त्यांना ढकललं तशा त्या लोखंडी कपाटावर आदळल्या, चष्मा फुटला, कपाळातून रक्त ओघळलं. रखवालदाराने त्याला मागून कवेत धरून बाहेर ओढलं आणि फरशीवर पालथा पाडून पाठीत गुडघा रोवला. नोटा मोजायचं यंत्र तेवढं फडफडत राहिलं.

बाईंनी कपाळाला रुमाल लावला. दुसऱ्या हातात नवा कागद घेऊन त्या केबिनच्या दाराशी आल्या.

"या बाईंना ओळखणारे दोघं हवेत."

हातात पाकिटं घेतलेली माणसं फरशीकडे बघू लागली.

"एकेकाला बघून घेईन," तो खालून म्हणाला.

रांगेतून एक जाडसर गृहस्थ पुढे झाले. त्यांच्या पाकिटावर त्याच्याच हातचं पेन्सिलीचं टिपण होतं.

"मी ओळखतो," ते म्हणाले. "यांच्या खालीच राहतो आम्ही."

एवढं बोलून त्यांनी सही केली. मान वर केली नाही.

"आणखी एक?"

बाकावरून सासू उठली.

"आई, बस खाली."

ती त्याच्या पसरलेल्या पायांना वळसा घालून आत आली आणि तिने पेन मागितलं. तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं जुळलेलं होतं, त्यामुळे पेन तिला चिमटीत धरावं लागे. म्हातारपणाची म्हणून सुनेने इतकी वर्षं पाहिलेली ती बोटं. आज तिने ती जवळून पाहिली.

"नातं?"

"सासू."

"पत्ता?"

"सून राहते तोच. घर माझ्या नावावर आहे."

तिने सावकाश सही केली, पेनाला टोपण लावलं आणि ती खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे वळली.

"अहो, तो कोपऱ्यावरचा कुलूपवाला दुपारी बंद असतो का हो?"

"नाही," ते म्हणाले. "उघडा असतो."