प्ल्योनच्या तळ्यावरची हिरवी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे असे म्हणताना आता मला अवघडल्यासारखे होते. माझ्यात इंजिन उरलेले नाही, दारे नाहीत, चाकेही नाहीत. टोर्बेनच्या शेडमागे चार विटांवर माझे नुसते धड टेकवून ठेवले आहे. तरीही ऐका, कारण मी साधी मोटार नव्हते. मी पोहत असे.

जर्मनीतल्या ल्युबेक शहरात, एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या मागच्या बाजूला, खाली, दोन छोटे पंखे होते. पाण्यात शिरल्यावर ते फिरू लागत आणि मी होडीसारखी पुढे सरके. वेगळे सुकाणू मला नव्हते. पुढची चाके वळवली की मीही वळे, जरा सावकाश. रस्त्यावर इतर मोटारी माझ्या पुढे जात आणि पाण्यात होड्या. दोन कामे करणाऱ्याचे असेच होते, त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

प्ल्योनच्या तळ्याकाठी राहणारे गुरांचे डॉक्टर हिन्नर्क पाउलसेन यांनी मला विकत घेतले. पलीकडच्या काठावरच्या गोठ्यांकडे जाणारा रस्ता तळ्याला मोठा वळसा घालून जाई. आम्ही सरळ पाण्यातून जायचो. पहिल्यांदा आम्ही पलीकडे निघालो तेव्हा एक म्हातारा शेतकरी तंबाखूचा पाइप ओढत काठावर उभा होता. “काय डॉक्टर, गाडीला पाणी पाजायला आणलंत का?” त्याने विचारले. पुढे त्याचीच गाय अडली, आणि आम्ही वेळेवर पोहोचलो म्हणून वासरू वाचले. त्यानंतर तो आम्हाला पाहून टोपी काढू लागला.

संध्याकाळी माझा दिवा तळ्याच्या मध्यावर दिसला की डॉक्टरांची बायको वीब्के चुलीवर बटाटे चढवी. आम्ही काठाला लागेपर्यंत ते शिजलेले असत.

पोहणाऱ्या मोटारीत थोडे पाणी झिरपतेच. ते पुन्हा बाहेर काढले की झाले. माझ्या पोटाखाली एक बूच होते. तळ्यातून वर आल्यावर डॉक्टर ते उघडत, सगळे पाणी गळून जाऊ देत, सांध्यांना वंगण देत आणि मगच जेवायला जात. हे काम त्यांनी कधी कोणावर सोपवले नाही आणि कोणाला शिकवलेही नाही.

एका शरद ऋतूत आम्ही काठावर आलो तेव्हा ते खाली उतरले आणि छाती धरून गवतात बसले. वीब्के धावत आली. त्यांना दवाखान्यात नेले, तिथून ते परतले नाहीत. शेजाऱ्यांनी मला कोठारात ढकलले. माझ्या पोटात त्या दिवसाचे पाणी तसेच होते.

वीब्केचे माझ्यावर फार प्रेम होते. तिने माझ्यावर लोकरीची जाड गोधडी घातली, कोठाराला कुलूप लावले. दर रविवारी येऊन ती माझे नाक मऊ फडक्याने पुसे. तिच्या भाच्याने एकदा मला चालू करून पाहतो म्हटले, तर ती म्हणाली, “हात लावू नकोस. त्यांनी ठेवली तशीच राहू दे.”

मित्रांनो, पाण्यात पूर्ण बुडालेले लोखंड सावकाश गंजते. पाणी आणि हवा ज्या रेघेवर एकमेकांना भेटतात, तिथे गंज सर्वांत वेगाने खातो. माझ्या पोटात ती रेघ कित्येक हिवाळे तशीच राहिली. वरून मी चकचकीत होते.

वीब्केला वृद्धाश्रमात जायचे ठरले तेव्हा घर रिकामे करावे लागले. एक व्यापारी मला परदेशी पाठवायला तयार होता आणि चांगली किंमत देत होता. पण त्याच दिवशी टोर्बेन आला. हा शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. लहानपणापासून त्याला एकच वेड, पोहणारी मोटार. त्याने आधी वीब्केशी हात मिळवला आणि मग माझ्या दाराच्या मुठीशी, तितक्याच आदराने. वीब्केला हसू आले. तिने त्याला कॉफी दिली, लोण्याचा केक दिला आणि एकच गोष्ट विचारली.

“ही पुन्हा पाण्यात जाईल ना?”

“पुढच्या उन्हाळ्यात, पाउलसेनबाई. तुम्ही शेजारी बसायचं.”

तो खोटे बोलत नव्हता. मला घरी नेल्यावर त्याने पहिल्याच सुट्टीत बूच फिरवले. आधी काहीच आले नाही, मग कॉफीसारखे तपकिरी पाणी आले, आणि त्यामागून पापुद्रे. त्याने पेचकस हलकेच टेकवला तर तो आरपार गेला. टोर्बेन बराच वेळ माझ्याखाली पडून राहिला.

त्याचा मित्र उवे म्हणाला, “कापून टाक हिला. सुटे भाग सोन्यासारखे आहेत.” या छंदातल्या लोकांत तशी रीतच आहे, एक मोटार मारून दुसरी जगवतात. डेन्मार्कमध्ये एक लाल मोटार मिळत होती, तिचे धड धडधाकट होते पण आत काही नव्हते. टोर्बेनने ती आणली. हिवाळाभर त्याने माझे इंजिन, पंखे, दारे, खुर्च्या एकेक करून काढल्या, धुऊन स्वच्छ केल्या आणि तिला बसवल्या. मग त्याने तिला हिरवा रंग दिला, अगदी माझा हिरवा, आणि माझ्या नंबराची पाटीही तिलाच लावली.

“अरे, हे म्हातारीला सांगणार आहेस की नाही?” उवेने विचारले.

“कशाला? तिला तिची गाडी पाण्यात बघायची आहे. बघू दे की.”

उन्हाळ्यात ते वीब्केला तळ्यावर घेऊन गेले. मी तिथे नव्हते. उवेने नंतर कुंपणापाशी शेजाऱ्याला सांगितले ते मी ऐकले. सगळे ठीक चालले होते. ती टोर्बेनच्या शेजारी बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून. मोटार छान पोहली. मध्यावर गेल्यावर वीब्के म्हणाली, “फार छान बनवलीस रे. पण हिच्यात गाईचा वास नाही.”

टोर्बेनने खुलासा करायला सुरुवात केली. तिने त्याला थांबवले. “आमची कुठे आहे, ती दाखव.”

त्याच दुपारी ती शेडमागे आली. उवेने तिच्यासाठी एक पेटी उलटी ठेवली, पण ती बसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “कशानं गेली ही?”

टोर्बेन म्हणाला, वय झाले होते, जुन्या काळचा पत्रा, काय करणार. तो आणखीही बोलला असता.

“गोधडी होती हिच्यावर,” वीब्के म्हणाली. “कुलूप होतं. पाऊस लागू दिला नाही मी. तू शिकवतोस ना मुलांना? मग मलाही नीट सांग.”

टोर्बेनने चष्मा काढला, पुन्हा घातला. “पोटात पाणी राहिलं होतं, पाउलसेनबाई. बूच उघडून ते सोडून द्यायचं असतं, प्रत्येक वेळी. गोधडीमुळे आतली ओल बाहेर पडू शकली नाही.”

उवे जमिनीकडे पाहू लागला. वीब्केने माझ्या उघड्या कडेवर हात ठेवला. गंजाने तिची बोटे तांबूस झाली.

“काठावर आले की ते रोज खाली वाकायचे,” ती म्हणाली. “मी खिडकीतून बघायची. मला वाटायचं, बुटाची नाडी बांधतायत.”

त्यानंतर ती इथे आली नाही. हिरवी मोटार झाकून ठेवली आहे. टोर्बेन तिला पाण्यात नेत नाही. मला सोमवारी भंगारात नेणार आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, झाका, जपा, पण तेवढ्याने त्या जगत नाहीत. तुमच्या घरातही कोणीतरी रोज असे काहीतरी करत असेल, ज्याकडे तुमचे लक्ष जात नाही. ते माणूस घरात आहे तोवर त्याच्याजवळ जा, त्याच्यासोबत खाली वाका आणि विचारा, तू हे काय करतोस?