भिंतीवरचा पट्टा

नश्वाच्या औषधाला अजून नाव नव्हतं, नुसता आकडा होता: सतरा. आतल्या कानाच्या बिघाडाने ज्यांना गरगरतं, त्यांच्या कानाच्या पडद्यातून बारीक सुईने ते आत सोडायचं आणि चक्कर थांबते का पाहायचं. डॉक्टरकीची नऊ वर्षं तिने या सतरामागे घालवली होती. नवरा म्हणायचा, आपल्याला दोन मुलं आणि तिसरं हे सतरा, आणि लाड होतात ते फक्त या धाकट्याचे.

चाचणीला अलेक्झांड्रियातले एकसष्ट रुग्ण होते. साधारण निम्म्यांना औषध, बाकीच्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय दिलंय ते नश्वालाही ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी नर्स करीमा एकेकाला फोन करून विचारपूस करायची आणि वहीत चक्करांचा आकडा मांडायची. तीन महिन्यांत वही शून्यांनी भरून गेली. नश्वाला इतका आनंद झाला की शून्यं जरा जास्तच झाली आहेत, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

बंदरात क्रेन चालवणारा रागिब या एकसष्टांतलाच. चक्करेपायी त्याला वर्षभर खाली गोदामात बसवलं होतं. तीन महिने त्रास नाही असा दाखला मिळाला की रविवारपासून तो पुन्हा वर, चाळीस मीटरवर जाणार होता. त्याची बायको उम्म हाझिम हिने शुक्रवारी जेवायचंच आमंत्रण दिलं. सही केलेला दाखला पर्समध्ये घालून नश्वा गेली.

मासळी-भात झाल्यावर रागिब हौसेने स्वतः चहा आणायला उठला. परत येताना त्याच्या एका हातात ट्रे होता आणि दुसरा भिंतीवर. स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत खांद्याच्या उंचीवर तेलकट, मळका पट्टा उमटला होता. रंग तर नवा दिसत होता. दोनच महिने झाले, उम्म हाझिम म्हणाली, आणि बघा याने काय करून ठेवलंय.

“काका, आज चक्कर आली होती?” नश्वाने विचारलं.

“दोनदा. सकाळची जरा जोरात होती.”

“मग रोज करीमाला काय सांगता?”

“ती विचारते, कसे आहात. मी म्हणतो, अल्हम्दुलिल्लाह.” यात विचारण्यासारखं काय आहे, ते रागिबला कळेना. “तब्येत विचारल्यावर देवाचे आभार मानायचे नाहीत, तर काय नर्सजवळ त्याची तक्रार करायची, डॉक्टरीणबाई?”

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. नश्वाची आईही शेवटच्या आजारात, कण्हता कण्हता, हेच म्हणायची. करीमाने तेच ऐकलं आणि शून्य मांडलं. तो प्रश्न तर नश्वानेच लिहून दिला होता. तिला स्वतःची लाज वाटली. दाखला तिने बाहेर काढला नाही, आणि का ते सरळ सांगून टाकलं. रागिबचा चेहरा उतरला. निघताना उम्म हाझिमने मात्र दारात तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

जुनी वही बाद झाली, चाचणी पहिल्यापासून सुरू झाली. आता करीमा विचारायची, आज किती वेळा भिंत धरलीत? लोक बिनदिक्कत आकडे सांगू लागले. चाचणी संपल्यावर एका सकाळी कोणाला काय दिलं होतं त्याचं पाकीट उघडलं. औषधवाले आणि पाणीवाले सारख्याच भिंती धरत होते. सतरा तिथेच बंद पडलं.

त्याच दुपारी रागिब कानाच्या तपासणीला आला. गोदामातच होता, पण जिवंत होता. त्याने विचारलं, काम कसं चाललंय?

“अल्हम्दुलिल्लाह,” नश्वा म्हणाली.

रागिबने तिच्याकडे नीट पाहिलं. “ते असू दे. आज किती वेळा भिंत धरलीत?”

नश्वाने हातातले कागद खाली ठेवले.

“सकाळपासून सोडलेलीच नाही, काका.”