सहाशे घोड्यांचा क्लच

आमच्या गावात माणूस एकवेळ स्वतःचं वय खरं सांगेल, पण इंजिनाचे घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, खरे सांगणार नाही. माझा नवरा व्हर्लिन तर त्यातला मुकुटमणी. त्याच्या सत्तर सालच्या शेवेल गाडीला सहाशे घोडे आहेत, असं तो रूबीच्या डायनरमध्ये वीस वर्षं सांगत आला. मी समोर बसून कॉफी पीत असे आणि गप्प राहत असे.

खरा आकडा मला माहीत होता. इंजिन नव्याने बांधलं तेव्हा एका गॅरेजात गाडी रोलरवर चालवून ताकद मोजली होती. चारशे बारा! तो कागद व्हर्लिनने कॉफीच्या रिकाम्या डब्यात, जुन्या नटबोल्टांखाली दडपून ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण खोटं कुठेतरी आडवं येतंच. क्लच मागवताना पहिला प्रश्न असतो, घोडे किती? व्हर्लिनने फोनवर सहाशे सांगितले, कारण शेजारी गार्लंड प्रुइट उभा होता, दरवर्षी गावच्या शर्यतीत त्याच्याशी भिडणारा. आला तो क्लच राक्षसी होता. चकतीवर धातूचे तुकडे, पेडल दगडासारखं, आणि पाय सोडला की तो एकदम चावा घ्यायचा. शर्यतीच्या रेषेवर मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, धूर व्हायचा, लोक टाळ्या पिटायचे आणि गार्लंडची मस्टँग गाडी पुढे निघून जायची. असं सलग सात वर्षं चाललं.

गेल्या हिवाळ्यात व्हर्लिनचा डावा गुडघा बदलला. एप्रिलमध्ये त्याने पहिल्यांदा क्लचचं पेडल दाबलं, तर पाय थरथरायला लागला. आमची मुलगी म्हणाली, "बाबा, ऑटोमॅटिक गिअर बसवून टाका ना आता. क्लचच नको." त्या दिवशी तो जेवला नाही.

"या सप्टेंबरात कामगार दिनाच्या शर्यतीत हरलो, तर ऑटोमॅटिक," दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला. "मग काय, नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं. स्वतःच्याच गाडीत पाहुणा."

मला फार वाईट वाटलं. चव्वेचाळीस वर्षं मी या माणसाला गिअर बदलताना बघतेय. खरं सांगायचं तर, लग्नाला होकार मी त्यामुळेच दिला होता.

तो दवाखान्यात गेलेला असताना मी डबा उपडा केला, कागद समोर ठेवला आणि ओहायोतल्या एल्डन नावाच्या क्लचवाल्याला फोन लावला.

"घोडे किती, बाई?"

"चारशे बारा."

"तीस वर्षं या धंद्यात आहे," एल्डन म्हणाला. "खरा आकडा सांगणाऱ्या तुम्ही दुसऱ्या."

"पहिलं कोण?"

"एक पाद्री होता. बरं, टायर कसले?"

"साधे, रस्त्यावरचे."

"आणि डावा पाय कुणाचा?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी गुडघ्याचं सगळं सांगितलं. त्याने पायाला हलक्या स्प्रिंगचा क्लच सुचवला. त्याच्या चकतीला साधं अस्तर होतं, क्षणभर घसरून मग घट्ट धरणारं. "एकच अट," तो म्हणाला. "आधी पाचशे मैल गावात साधी चालवायची. एकदाही झटका द्यायचा नाही. नाहीतर अस्तर जळेल."

खोकं उघडल्यावर व्हर्लिनचा पारा चढला. "हा काय दूधवाल्याच्या गाडीचा क्लच आणलास? आकडा किती सांगितलास?"

"खरा."

"नेडीन! नाक कापलंस माझं!"

"नाक राहू दे. गुडघा सांभाळ."

दोन दिवस कुरकुरत त्याने क्लच बसवला. मग सीटवर बसून पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. पंधरा-वीस वेळा दाबलं असेल.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि दाबतच राहिला.

पाचशे मैल आम्ही जिवावर उदार होऊन हळू चालवली. चर्चला, किराण्याला, माझ्या बहिणीकडे, मक्याच्या शेतांमधून उगाचच. सिग्नलला गार्लंड शेजारी येऊन इंजिन गुरगुरवायचा. "काय रे म्हाताऱ्या, सहाशे घोडे चरायला सोडलेस का?"

व्हर्लिनचा जबडा आवळायचा. मी त्याच्या मांडीवर हात ठेवायचे. "तीनशे चाळीस झाले. एकशे साठ राहिले." मग तो शहाण्या पोरासारखा अलगद पाय सोडायचा.

शर्यतीच्या दिवशी व्हर्लिन आणि गार्लंड गाड्या घेऊन शेजारी उभे राहिले. पिवळे दिवे लागले, मग हिरवा. मस्टँग सुटली, पण या वेळी शेवेलच्या मागे धूरच नव्हता. लोकांना वाटलं, काहीतरी बिनसलं. तेवढ्यात शेवेलने नाक उचललं आणि ती जी निघाली, ती शेवटच्या रेषेवर पुरी एक गाडी पुढे होती! मी अशी किंचाळले की हातातलं लिंबूपाणी गार्लंडच्या बायकोवर सांडलं. माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली.

निवेदकाने माइक पुढे केला. "व्हर्लिन, किती घोडे म्हणायचे?"

सगळा मांडव हसला. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. व्हर्लिनने गर्दीत मला शोधलं.

"चारशे बारा," तो म्हणाला. "आणि क्लच बायकोने निवडलाय."

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा त्या धुराला कधी झाला नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सॉसेजच्या गाडीमागे गार्लंडने मला गाठलं. "नेडीन, त्या क्लचवाल्याचा नंबर दे ना."

"घोडे किती सांगशील?"

"पाचशे ऐंशी."

मी पर्स बंद केली. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"तीनशे पंचाण्णव," तो पुटपुटला. मग मी नंबर दिला.

तोवर व्हर्लिनने गाडी मैदानाच्या फाटकापाशी आणली होती. डावा पाय क्लचच्या पेडलवर, हात गिअरवर. त्याने माझ्यासाठी दार उघडलं.

"बस," तो म्हणाला. "घरी लांबच्या रस्त्याने जाऊ. त्यावर सिग्नल जास्त आहेत."