सुदामा गुंफेवरची हरकत

दिल्लीच्या मुखर्जीनगरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती असं नाही. होती, पण उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागायची. कुमुदने पहिल्याच वर्षी ती बंद केली आणि तिच्यावर जगाचा नकाशा डकवला. व्यापारी वारे, पश्चिमी वारे, चिनूक, फॉन, लू. कुठला कुठून सुटतो आणि कुठे जाऊन कुणाची द्राक्षं पिकवतो, हे दोघी झोपेतून उठवलं तरी सांगत. खोलीत मात्र वाऱ्याची झुळूक म्हणून येत नसे.

दोघी म्हणजे कुमुद राय आणि लवली कुमारी. कुमुद तिशी ओलांडलेली, लवली तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. दोन खाटांच्या मधल्या बोळात एक जण उभी राहिली की दुसरीने खाटेवर पाय घ्यायचे. तरी दोघींपैकी कुणालाच घरी जायचं नव्हतं. घरी मुलगा पाहून ठेवलेला होता, तिलाही आणि हिलाही. "मुलगी दिल्लीत सरकारी परीक्षेची तयारी करतेय," एवढं म्हटलं की पाहुणे चहा पिऊन परत जात. पूर्वपरीक्षा निघाली, म्हणजे पास झाली, की एक वर्ष मिळे, नाही निघाली की फोन वाजू लागत. अशी ती सुटका, कोंबडीच्या खुराड्याएवढी. पण खुराड्याबाहेर सुरी घेऊन कोण उभं आहे ते कोंबडीलाच माहीत असतं.

स्वतःच्या राज्याची राज्यसेवा परीक्षा दोघींची हुकली होती. म्हणून या वेळी शेजारच्या राज्याचा फॉर्म भरला होता. कुमुदच्या वडिलांनी, तिच्या पापांनी, तर निक्षून सांगितलं होतं, "ही शेवटची. आता मी लोकांना तोंड दाखवू शकत नाही."

गल्लीत कुमुदचा दबदबा मोठा. भूगोल आणि पर्यावरण पुष्कळांना येई, पण कला-संस्कृती म्हटलं की पोरं-पोरी तिच्याकडेच येत. चहाच्या टपरीवर ती शिकवायची कमी आणि दम द्यायची जास्त. बिहारमधल्या बराबर टेकडीतल्या गुंफांवर तर तिचं ठरलेलं प्रवचन होतं.

"अशोकाचं नाव वाचलं की तुमचा हात बौद्धांकडे जाणार. तो हात धरा! सुदामा गुंफा त्याने आजीविक साधूंना दिली. भिंतीवर तसं कोरलेलं आहे. अजून काय पाहिजे, घरी येऊन सांगू का त्याने?"

पोरं हसत आणि लिहून घेत.

आणि पूर्वपरीक्षेत नेमकी सुदामा गुंफाच आली. कुमुदला इतका आनंद झाला की तिने पर्याय नीट वाचलेच नाहीत. उत्तर माहीतच होतं. पुढच्या अवघड प्रश्नाचा विचार करत करत तिने गोल काळा केला, आणि शाई वाळताना पाहिलं तर तो 'बौद्ध'समोरचा होता. शाई खोडता येत नाही. पोहणाराच बुडतो म्हणतात, तसं झालं.

परीक्षा देऊन परतताना मेट्रोत सगळ्यांचा गलका चालला होता. लवलीने दांडीला लोंबकळत विचारलं, "दीदी, गुंफेचं आजीविकच ना? तुमचा आवाजच आला कानात. हात धरा म्हणून!"

"हो, आजीविकच," कुमुद म्हणाली, आणि लगेच पाणथळ जागांच्या प्रश्नावर बोलू लागली.

चार दिवसांनी आयोगाची पहिली उत्तरतालिका आली. त्या प्रश्नाचं उत्तर छापलं होतं: बौद्ध.

कुमुदने न्हाणीघराची कडी लावली आणि नळ सोडून पोटभर हसली. ज्याने कुणी ती तालिका केली होती, त्याचाही हात तिच्यासारखाच घसरला होता! तिने गुण जोडले. कट-ऑफ जिथे लागेल असं सगळे म्हणत होते, त्याच्या ती या एका गुणामुळे जेमतेम वर होती. संध्याकाळी पापांचा फोन आला तेव्हा ती बोलून गेली, "पापा, निघाली समजा." पापांनी त्याच दिवशी मुलाकडच्यांना नकार कळवला आणि चौकात मिठाई वाटली. बापाने इतक्या वर्षांनी मान वर केली होती. ती आता खाली कशी घालायला लावायची?

दुसऱ्या दिवशी धनंजय आला. हा गल्लीतला पुढारी. उत्तरतालिका आली की चुका गोळा करायच्या, पुरावे जोडायचे आणि सगळ्यांच्या वतीने नीट लिहिलेली हरकत आयोगाकडे पाठवायची, हे त्याचं काम. मागे दहा-बारा पोरं.

"दीदी, आयोगाने तर अशोकाला पुन्हा एकदा बाटवला," तो म्हणाला. "गुंफेची हरकत तुम्हीच लिहायची. मागच्या वेळी चोळ कांस्यमूर्तींवर काय लिहिलं होतंत! आयोगाने मुकाट्याने तालिका बदलली."

"दुसऱ्या कुणाला सांग ना. माझं डोकं दुखतंय."

"वा! लग्न हिचं आणि वाजंत्री दुसऱ्याची?" पोरं हसली. "तुमचाही मार्क जातोय की दीदी."

सगळ्यांनी धरलंच होतं की तिने बरोबर लिहिलं असणार. तिने उत्तर चुकवलं असेल ही शंकासुद्धा कुणाच्या डोक्यात येईना. त्या क्षणी 'अरे, माझंही चुकलंय' एवढं म्हटलं असतं तर सुटली असती. पण ज्या तोंडाने टपरीवर प्रवचनं दिली, ते तोंड उघडेना. ती म्हणाली, "बरं. लिहिते. पाठवतेही मीच."

धनंजय गेल्यावर लवली खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. "दीदी, मी हिशेब केला. तो एक मार्क आला तर मी आत आहे. नाहीतर भैया येतोय न्यायला. मुलाचं ट्रॅक्टरचं दुकान आहे. तोच मला फोनवर विचारत होता, पोळ्या गोल येतात का."

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, पृथ्वीही पूर्ण गोल नाही. ध्रुवांवर चपटी आहे." लवली हसली, पण तिचे डोळे भरले होते.

कुमुद लिहायला बसली. गुंफेच्या भिंतीवरचा ब्राह्मी लेख, त्यातलं अशोकाच्या कारकिर्दीच्या बाराव्या वर्षातल्या दानाचं वाक्य, तो लेख ज्यात छापलाय त्या प्रमाण ग्रंथाचं पान, सगळं तिच्या हाताशी होतं. हे जोडलं की आयोगाला पळवाट उरत नव्हती. ते पान तिने उशीखाली सरकवलं. पुरावा म्हणून जोडलं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या गाइडचं पान. असली गाइडं आयोग वाचत नाही, बाजूला टाकतो. ती स्वतःच पोरांना हे सांगत आली होती. मजकूरही तिने असा लिहिला, की विनंती वाटावी, पुरावा वाटू नये. आवडत्या विषयावर इतकं वाईट तिने जन्मात लिहिलं नव्हतं.

"दीदी, नीट लिहिलंय ना?" लवलीने विचारलं.

"हो गं."

लवलीने वाकून तिच्या पायांना हात लावला. कुमुदने पाय आखडून घेतले, पण दोन खाटांच्या मध्ये ते न्यायला जागा नव्हती.

पुढचे दिवस कुमुद मनातून देवाला सांगत होती, दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या गावातून, खरा पुरावा पाठवू दे. म्हणजे मी बुडेन, पण पाप तरी लागणार नाही. आणि लगेच सांगे, नको, कुणी पाठवू नये. देवाने काय ऐकावं? कुणी पाठवलाच नाही. जो तो निर्धास्त होता, दिल्लीतून कुमुद दीदीची हरकत गेलीय ना, मग झालं तर.

अंतिम तालिकेत उत्तर तेच राहिलं. कुमुद पूर्वपरीक्षा पास झाली आणि लवली थोडक्यात राहिली. धनंजयने आयोगाला चार शिव्या हासडल्या. पापांनी पुन्हा मिठाई वाटली.

लवलीचा भाऊ खाली रिक्षा थांबवून उभा होता. लवलीने ट्रंकेला कुलूप लावलं. कुमुद म्हणाली, "लवली, मला तुला एक—"

"राहू द्या दीदी. मला माहीत आहे."

कुमुदची नजर उशीकडे गेली.

"मेट्रोतच कळलं होतं," लवली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "दर परीक्षेनंतर तुम्ही डोकं खाता, मी हे लिहिलं, मी ते लिहिलं. गुंफेचं उत्तर सांगितलंत, पण 'मी लिहिलं' असं एकदाही म्हणाला नाहीत. वाटलं होतं, सांगाल. म्हणून तर विचारलं, नीट लिहिलंय ना."

"मग तू धनंजयला का नाही सांगितलंस? दुसरी हरकत गेली असती."

"आणि तुम्हाला घरी पाठवलं असतं? ते मला जमलं नाही. मला वाटलं, मला घरी पाठवणं तुम्हालाही जमणार नाही."

खालून भावाने हाक मारली. कुमुद खाटेवर बसली. "मी हे सोडून देते, लवली. मुख्य परीक्षेला बसतच नाही. घरी जाते, पापा म्हणतील तिथे लग्न करते."

लवली दारातून मागे आली. तिने ट्रंक खाली ठेवली आणि कुमुदचे दोन्ही दंड घट्ट धरले. दुखावं इतके घट्ट.

"आता ते तुमच्या हातात नाही दीदी," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या जागेवर बसला आहात. नापास व्हायचं नाही आणि सोडायचंही नाही. या वेळी नाही झालं तर पुन्हा, मग पुन्हा. तुम्ही घरी गेलात तर मी कशासाठी गेले?"

मग तिने ट्रंक उचलली आणि जिना उतरून गेली. बाहेरून कुणी दार लावलं नव्हतं. तरी कुमुदला ते ओलांडता आलं नाही.